घरचे गांडूळ, दुकानातले गांडूळ

घरी केलेली वस्तू स्वस्त पडते, हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले असते की त्याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. पापड, लोणची, उन्हाळ्यातल्या कुरडया, दिवाळीचा आकाशकंदील, सगळ्यांना एकच न्याय लावला जातो. प्रत्यक्ष हिशेब मांडला तर काही वस्तूंच्या बाबतीत तो समज खरा ठरतो, काहींच्या बाबतीत नाही. त्यातही कोणती वस्तू घरी करता येते आणि कोणती मुळीच येत नाही, हे बऱ्याच वेळा हौसेपेक्षा रसायनशास्त्रावर अवलंबून असते. या लेखासाठी आम्ही मुद्दाम एक परकी वस्तू निवडली आहे, कारण तिचा इतिहास लहान आहे आणि त्यात रसायन व पैसा यांची गुंतागुंत स्पष्ट दिसते. ही वस्तू म्हणजे अमेरिकेतले हौशी मासेमार गळाला लावतात ते मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ.

कोकणात खाडीवर गरवायला जाणारा माणूस गरीला कोलंबी लावतो, नदीकाठचा माणूस खरे गांडूळ लावतो. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बास नावाच्या माशासाठी लोक रबरासारखे लिबलिबीत, रंगीत, बोटभर ते वीतभर लांबीचे नकली गांडूळ वापरतात. दुकानात ती आठ-दहाच्या पिशवीत मिळतात. पण कितीतरी लोक ती विकत न घेता गॅरेजमध्ये किंवा मागच्या पडवीत स्वतः ओततात. असे का करता म्हणून विचारले तर पहिले उत्तर ठरलेले असते : पैसे वाचतात. ते खरेच वाचतात का?

हिशेबाला बसण्यापूर्वी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. त्याच मासेमाराच्या हातातली दोरी, म्हणजे आपण जिला तंगूस म्हणतो ती, कुणीही घरी बनवत नाही. ड्यू पाँ कंपनीने १९३८ साली जाहीर केलेल्या नायलॉनची ती दोरी बनवायची तर बहुवारिक अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर वितळवून बारीक छिद्रातून दाबाने काढावे लागते आणि मग रेणूंच्या साखळ्या एका दिशेने लागाव्यात म्हणून ते अचूक प्रमाणात ताणावे लागते. गॅरेजचे हे काम नव्हे. म्हणजे त्याच छंदातली दोरी फक्त कारखान्यात होते आणि गांडूळ मात्र कारखान्यातही होते आणि घरीही. हा फरक कुठून आला, ते पाहण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

अ‍ॅक्रन गावातली दोन कामे

गांडुळाचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, आपल्या ओळखीचे पीव्हीसी. त्याचा कच्चा माल असलेला व्हिनिल क्लोराइड हा वायू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी १८३५ साली प्रथम तयार केला. हा वायू भरलेली नळी उन्हात ठेवली की आत पांढरा घन पदार्थ जमतो, हे जर्मनीत ऑयगेन बाऊमान यांनी १८७२ साली नोंदवले. पुढे फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१३च्या सुमारास त्यावर पेटंटही घेतले. तरी हा पदार्थ कुणाच्या फारसा उपयोगाचा नव्हता. तो कडक, ठिसूळ होता, आणि वितळवायला जावे तर वितळण्याआधीच काळवंडून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा सोडू लागे.

ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन हे रबराचे गाव. मोटारींचे टायर बनवणाऱ्या मोठ्या अमेरिकी कंपन्या तिथे होत्या आणि बी. एफ. गुडरिच ही त्यांतली एक. १९२६ साली तिथल्या वॉल्डो सेमन या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे धातूला रबर घट्ट चिकटवणारा पदार्थ शोधण्याचे काम होते. पीव्हीसीमधला क्लोरीन काढून टाकला तर उरलेली साखळी धातूला चिकटेल, असा त्यांचा अंदाज होता. त्यासाठी त्यांनी पीव्हीसीची भुकटी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवली. मिश्रण थंड झाल्यावर हाती आले ते चिकट नव्हते, रबरासारखे लवचिक होते आणि टाकले तर उडी मारत होते. ट्रायक्रेसिल फॉस्फेट, डायब्यूटिल थॅलेट अशा द्रवांनी हा गुण येतो, असे सेमन यांना आढळले. १९३३ साली त्यांना पेटंट मिळाले. वरिष्ठांना या पदार्थाचे काय करायचे ते उमगत नव्हते. सेमन यांच्या पत्नी पडदे शिवत असताना त्यांना कापडावर याचा लेप देण्याची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे रेनकोट आणि न्हाणीघराचे पडदे यांतून हा पदार्थ घरोघर गेला.

हे घडले कसे, ते रेणूंच्या पातळीवर पाहणे सोपे आहे. पीव्हीसीच्या साखळ्यांवर क्लोरीनचे अणू असतात आणि त्यांच्यामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना ओढून धरतात. म्हणून पाण्याचा पाइप कडक असतो. साखळ्यांच्या मध्ये तेलासारख्या द्रवाचे मोठे रेणू शिरले की ही ओढ सैल पडते आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. पाइपात तो जवळजवळ नसतो, विजेच्या वायरच्या आवरणात बराच असतो, आणि माशाच्या गांडुळात तर मूळ पीव्हीसीपेक्षा त्याचेच प्रमाण अधिक असते. मासेमार ज्याला ‘प्लॅस्टिक’ म्हणतो ते वस्तुतः पीव्हीसीच्या जाळीत अडकलेले तेल असते.

हे तेल आतल्या आत कायमचे बांधलेले नसते, ही गोष्ट वर्गात सहज दाखवता येते. आपले पांढरे मऊ खोडरबर बहुधा रबराचे नसून याच प्लॅस्टिसायझर घातलेल्या पीव्हीसीचे असते. ते कंपासपेटीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून काही आठवडे राहिले की पट्टीवर खड्डा पडतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. खोडरबरातले तेल पट्टीच्या पॉलिस्टायरिनमध्ये शिरते आणि ते मऊ करते. अमेरिकेत ही गांडुळे नवीन होती तेव्हा मासेमारांच्या सामानाच्या पेट्यांचे कप्पे असेच विरघळले आणि कारखानदारांना पेट्यांचे प्लॅस्टिक बदलावे लागले.

आता घरी ओतण्याचा मुद्दा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर पीव्हीसीची अत्यंत बारीक भुकटी थंड प्लॅस्टिसायझरमध्ये नुसती कालवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या पांढऱ्या दुधट द्रवाला प्लॅस्टिसॉल म्हणतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या घरात याची ओळख करून देण्याची गरज नाही. कच्चा चीक पांढरा, पातळ, ओतता येणारा असतो. त्यात पिठाचे कण पाण्यात नुसते तरंगत असतात. तो तापवला की कण पाणी शोषून फुगतात, घोटता घोटता चीक दाटतो आणि त्याला पारदर्शक झाक येते. प्लॅस्टिसॉलचे असेच होते. साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत नेला की पीव्हीसीचे कण सगळे तेल शोषून घेतात, दुधट रंग जातो, द्रव नितळ होतो, आणि थंड झाल्यावर लवचिक घन मिळतो. फरक एवढाच की शिजलेला चीक परत चीक होत नाही, पण हे गांडूळ पुन्हा तापवले तर पुन्हा वितळते. या प्रक्रियेला दाब लागत नाही, गंधक घालून रबर पक्के करण्यासारखी खटपट लागत नाही, बाष्पीभवनाने उडवून द्यावे असे द्रावकही त्यात नसते. उष्णता आणि साचा एवढेच लागते, आणि त्यातला साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचाही चालतो.

म्हणूनच पुढची गोष्ट प्रयोगशाळेत न घडता त्याच अ‍ॅक्रन गावातल्या एका घरात घडली. १९४९ साली निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी खऱ्या गांडुळावरून साचा घेऊन, व्हिनिल, तेल आणि रंग यांचे मिश्रण घरच्या शेगडीवर तापवून त्यात ओतले. १९५१पासून त्यांनी ही गांडुळे टपालाने विकायला सुरुवात केली. भाव होता एका डॉलरला पाच. आज जो मासेमार म्हणतो की मी कारखान्याची वस्तू घरी बनवतो, त्याने हा क्रम ध्यानात घ्यायला हवा. ही वस्तू आधी घरी झाली आणि मग कारखान्यात गेली.

धरणे, झाडे आणि हरवणारी गांडुळे

एका डॉलरला पाच, म्हणजे एक गांडूळ २० सेंटला. १९५१पासून आजवर अमेरिकेतले भाव साधारण बारा पट झाले आहेत. तेव्हाचे २० सेंट म्हणजे आजचे दोन डॉलर चाळीस सेंट. आज बऱ्यापैकी गांडूळ त्याच्या चौथ्या हिश्शाला ते तिसऱ्या हिश्शाला मिळते. म्हणजे घरी बनवून पैसे वाचवण्याची खरी वेळ १९५१ साली होती. तेव्हा मात्र सुट्या ग्राहकाला प्लॅस्टिसॉल आणि साचे सहजासहजी मिळत नव्हते. जेव्हा मिळू लागले तोवर तयार माल स्वस्त झाला होता. घरगुती उद्योगांच्या इतिहासात ही चुकामूक वारंवार दिसते.

मधल्या काळात मागणी वाढली, ती मात्र धरणांमुळे. टेक्सास राज्यात नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे एकामागून एक मोठी धरणे झाली. सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड हे प्रचंड जलाशय १९६०च्या दशकातले. पाणी चढले तेव्हा खालची जंगले बऱ्याच ठिकाणी तशीच उभी राहिली. बुडालेल्या झाडाझुडपांत लार्जमाउथ बास माशाला उत्तम आसरा मिळाला. पण उघड्या गळाचे लाकडी आमिष तिथे टाकावे तर ते पहिल्याच फांदीत अडके. मऊ गांडुळाचा फायदा इथे झाला. गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच खुपसून लपवता येते. फांदीवरून ते घसरत जाते, आणि माशाने चावा घेऊन दोरीला झटका बसला की टोक मऊ प्लॅस्टिक फाडून बाहेर येते. या बांधणीला आजही टेक्सासचेच नाव आहे. क्रीम यांनीही आपला कारखाना टेक्सासातल्या टायलर गावी नेला. १९६७ साली रे स्कॉट यांनी आर्कान्साच्या बीव्हर जलाशयावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढल्याच वर्षी मासेमारांची देशव्यापी संघटना काढली. स्पर्धा आल्या, मासिके आली, आणि त्यांच्याबरोबर जांभळे गांडूळ चांगले की काळे, शेपूट वळलेली असावी की सरळ, यांच्या चर्चा आल्या.

हिशेबाच्या दृष्टीने या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट एकच : मऊपणामुळे गांडूळ चालते आणि मऊपणामुळेच ते संपते. लाकडी आमिष वर्षानुवर्षे टिकते, गांडूळ एकदोन माशांत फाटते. १९८०च्या दशकात जीन लॅर्यू यांनी प्लॅस्टिकमध्ये मीठ मिसळण्याचे पेटंट घेतले. माशाला खारट चव लागते, तो आमिष लगेच थुंकत नाही, असा मासेमारांचा विश्वास. मिठाची घनता प्लॅस्टिकच्या दुपटीच्या आसपास असल्याने गांडूळ संथपणे बुडतेही. १९९०च्या दशकात गॅरी यामामोतो यांच्या कंपनीचे खूप मीठ घातलेले, पेन्सिलीसारखे साधे गांडूळ अतिशय गाजले. मीठ प्लॅस्टिकपेक्षा स्वस्त, पण त्याचा प्रत्येक स्फटिक प्लॅस्टिकच्या जाळीत एक भोक पाडतो, म्हणून असे गांडूळ अधिकच लवकर तुटते. कारखानदाराचा कच्चा माल स्वस्त होतो आणि ग्राहकाचा खप वाढतो. यात कुणी लबाडी केली असे आम्हांला म्हणायचे नाही. माशाला जे आवडते ते तुटणारे आहे, एवढेच. पण दर रविवारी दोन पिशव्या संपवणारा माणूस साच्यांच्या जाहिराती वाचू लागला, तर त्याचे कारण इथे आहे.

हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊ. पुढचे भाव आजच्या अमेरिकी बाजाराच्या जवळपासचे, पण हिशेबासाठी आम्ही धरलेले आहेत. वाचकांनी ते बदलून पाहावेत.

गांडूळ १२.५ सेंटिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर व्यासाचे धरू. ते दंडगोल मानले तर घनफळ सुमारे ८ घनसेंटिमीटर येते. प्लॅस्टिसॉल गॅलनवर मिळते आणि अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. ३७८५ भागिले ८, म्हणजे ४७३ गांडुळे. काही सांडते, काही भांड्याला चिकटते, काहींत बुडबुडे राहतात. दहावा हिस्सा वाया गेला तर ४२५ उरतात. गॅलनला ५० डॉलर धरले तर एका गांडुळाचे प्लॅस्टिक १२ सेंटला पडते. रंग, चमकी आणि मीठ यांचे तीन सेंट धरून १५ सेंट. दुकानात दहाची पिशवी सात डॉलरला, म्हणजे एक ७० सेंटला. फरक ५५ सेंटचा. इथपर्यंत घरच्या गांडुळाची बाजू एकदम भक्कम दिसते, आणि बहुतेक मासेमार हिशेब इथेच थांबवतात.

पण सुरुवातीचा खर्च आहे. अ‍ॅल्युमिनियमचा साचा ६० डॉलर, वितळलेला द्रव साच्यात दाबून भरायची पिचकारी ४५, आणि उष्णतामापक, काचेचे भांडे, हातमोजे, मुखवटा, रंगाच्या बाटल्या यांचे ६०. एकूण १६५. हा खर्च ५५ सेंटच्या बचतीने भरून निघायला ३०० गांडुळे लागतात. आलेखावर दोन रेषा काढल्या तर एक मूळबिंदूतून निघून चढाने जाते, दुसरी १६५ वरून निघून सावकाश चढते, आणि दोघी ३०० पाशी भेटतात. नववी-दहावीच्या वर्गाला एकसामयिक समीकरणांसाठी हे उदाहरण वापरायला हरकत नाही. ते त्यांच्या पुस्तकातल्या वयांच्या कोड्यांपेक्षा बरे आहे.

वर्षाला ३०० गांडुळे गमावणाऱ्याला भांडवल एका वर्षात परत मिळते. वर्षाला ५० वापरणाऱ्याला सहा वर्षे लागतात, आणि तोवर त्याचा छंद टिकेलच असे नाही. दुकानातली कोणती पिशवी तुलनेला घेतली यावरही बरेच अवलंबून आहे. साधी, बिनमिठाची गांडुळे वीसची पिशवी चार डॉलरला मिळाली तर एक २० सेंटला पडते, बचत अवघी पाच सेंट, आणि रेषा भेटतात ३३०० गांडुळांवर. ‘पैसे वाचतात’ म्हणणारा माणूस जवळजवळ नेहमी महागड्या गांडुळाशी तुलना करत असतो.

वेळेचे काय? ताशी ६० गांडुळे होतात असे धरू आणि वेळेला अमेरिकेच्या संघीय किमान वेतनाचा दर लावू. तो २००९पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. एका गांडुळामागे १२ सेंट वाढले. महागड्या गांडुळाशी तुलनेत मर्यादा ३०० वरून ३८०च्या पुढे जाते. स्वस्त गांडुळाशी तुलना केली तर प्रत्येक नगामागे सात सेंटचा तोटाच होतो आणि रेषा कधीच भेटत नाहीत. अर्थात हिवाळ्यात तळी गोठली असताना गॅरेजमध्ये घालवलेला वेळ हा खर्च की करमणूक, हे ज्याचे त्याने ठरवावे. कुरडया घालणाऱ्या आजीला आम्ही कधी तासाचा दर विचारलेला नाही.

खरी गळती आणखी वेगळ्या जागी असते. एका साच्यातून एकच आकार निघतो. मासेमाराला मात्र लहान, मोठे, वळलेल्या शेपटीचे, खेकड्यासारखे, बेडकासारखे असे सगळे हवे असते. साचे दहा झाले की भांडवल सातशे डॉलरपर्यंत जाते आणि भेटीचा बिंदू हजाराच्या पुढे सरकतो. कारखान्याला हे परवडते, कारण तिथे एका साच्यातून लाखो नग निघतात. घरी ओतणाऱ्याला ते परवडायचे तर त्याने आवड आवरली पाहिजे, आणि आवड आवरणारा माणूस या छंदात पडतो कशाला?

प्लास्टरने हा प्रश्न बराच हलका होतो. आवडते गांडूळ अर्धे बुडेल इतक्या प्लास्टरवर ठेवायचे, घट्ट झाल्यावर काढायचे, साचा तयार. पिचकारी लागत नाही, वरून ओतायचे. सुरुवातीचा खर्च ६५ डॉलरवर येतो आणि मर्यादा १२०च्या आत. पण रसायनशास्त्र इथेही आडवे येते. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि ३७३ केल्विनच्या पुढे जिप्सम आपले स्फटिकजल सोडू लागते, हे समीकरण आपण दहावीला शिकवतो. ओतायचा द्रव असतो ४५० केल्विनच्या आसपास. साच्यात ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन गांडुळात बुडबुडे येतात किंवा तापलेला द्रव उडतो. म्हणून साचा मंद उष्णतेवर पुरता वाळवून त्याला पातळ गोंदाचे दोनतीन हात द्यावे लागतात. एवढे करूनही कडा हळूहळू भुसभुशीत होतात आणि नवा साचा करावा लागतो.

बिलावर न दिसणारे

आणखी काही रकमा अशा आहेत की त्या पिशवीच्या किमतीवर छापलेल्या नसतात. १९५० साली अमेरिकी काँग्रेसने डिंगेल-जॉन्सन कायदा केला. मासेमारीच्या काठ्या, चक्र्या आणि नकली आमिषे यांवर उत्पादकाकडून घेतला जाणारा दहा टक्के कर राज्यांकडे जातो आणि त्यातून मत्स्यबीज, तलावांची देखभाल, पाहणी ही कामे होतात. १९८४च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली. दुकानातल्या प्रत्येक गांडुळाच्या किमतीत हा वाटा असतो. स्वतःपुरते ओतणाऱ्याच्या १५ सेंटच्या हिशेबात तो कुठेच येत नाही, म्हणजे त्याच्या बचतीचा एक लहान भाग तलावाच्या खात्यातून आलेला असतो. भांडवल भरून निघावे म्हणून त्याने मित्रांना गांडुळे विकायला सुरुवात केली की कायद्याच्या दृष्टीने तो उत्पादक ठरतो आणि कर त्यालाही लागू होतो.

दुसरी रक्कम हवेत जाते. प्लॅस्टिसॉल १७५ अंशांना छान वागते, पण २००च्या पुढे पिवळे पडू लागते आणि साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. सेमन यांच्या आधी पीव्हीसी वितळवू पाहणाऱ्यांना छळणारा तोच हा वायू. नाकाडोळ्यांची आग होते आणि श्वास कोंडतो. उष्णता-स्थिरक घातलेले असले तरी मर्यादेपलीकडे त्याचे काही चालत नाही. शिवाय तापलेला थेंब कातडीला चिकटून राहतो; उकळत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही. म्हणून मोकळी हवा, मुखवटा, जाड हातमोजे आणि अन्नासाठी पुन्हा न वापरायचे भांडे या गोष्टी खर्चातून गाळता येत नाहीत. वरच्या हिशेबात ६० डॉलर धरले त्यातले निदान निम्मे यासाठी आहेत, आणि काटकसर करणारा बहुधा तिथेच काटकसर करतो.

प्लॅस्टिसायझरचाही इतिहास आहे. बरीच दशके या कामाला थॅलेट वर्गातली संयुगे वापरली जात. त्यांतल्या डीईएचपी आणि इतर काहींचा शरीरातल्या संप्रेरकांवर परिणाम होतो असे दिसू लागल्यावर लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर युरोपने १९९९पासून आणि अमेरिकेने २००८ साली निर्बंध घातले. माशाचे गांडूळ खेळणे नसल्यामुळे त्या नियमांत आले नाही. आज घरी ओतण्यासाठी थॅलेटरहित प्लॅस्टिसॉल मिळते, आणि घ्यायचेच तर तेच घ्यावे असे आमचे मत आहे. वाफा अखेर ओतणाऱ्याच्याच छातीत जातात.

तुटलेली गांडुळे तळ्यात पडतात ती वेगळीच. पीव्हीसी कुजत नाही. पोटात फुगलेली नकली गांडुळे असलेले मासे मासेमारांनाच सापडू लागले. २०१३ साली मेन राज्याच्या विधिमंडळात अशा आमिषांवर बंदी घालावी असे विधेयक आले. बंदी झाली नाही, राज्याच्या मत्स्य खात्याला अभ्यास करायला सांगण्यात आले. या बाबतीत घरचे गांडूळ आणि दुकानातले गांडूळ यांत काही फरक नाही, किंवा असलाच तर तो उलटा आहे : १५ सेंटच्या वस्तूपेक्षा ७० सेंटची वस्तू माणूस जपून वापरतो.

मात्र एका ठिकाणी घरी ओतणारा निःसंशय पुढे आहे. फाटलेले गांडूळ दुकान परत घेत नाही; त्याच्या गॅरेजात त्यासाठी एक बरणी असते. त्यात तो स्वतःची, शेजाऱ्यांची आणि काठावर सापडलेली तुटकी गांडुळे साठवतो. हिवाळा आला की ती वितळवून, थोडे ताजे प्लॅस्टिसायझर आणि स्थिरक घालून पुन्हा ओततो. अशा गांडुळाचे प्लॅस्टिक जवळजवळ फुकट पडते आणि ३००ची मर्यादा बरीच खाली येते. दरवेळी तापवताना प्लॅस्टिक थोडे पिवळट होते, आणि सगळे रंग एकत्र आल्यामुळे बाहेर येणारे गांडूळ एकाच गढूळ तपकिरी रंगाचे असते. पावसानंतरच्या पाण्यात तो रंग बऱ्यापैकी चालतो.